हलणाऱ्या दाताच्या मागे

वरची दाढ हलायला लागते, हिरडीतून पू येतो, गालाचा एक भाग बधिर वाटतो. अशी तक्रार घेऊन माणूस दाताच्या डॉक्टरकडेच जाणार. दाढ काढली जाते, अँटिबायोटिक मिळतं, आणि आठवडा उलटला तरी खाच भरत नाही. जबड्याच्या म्युकरमायकोसिसची बरीच प्रकरणं या दारातून आत येतात. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची साथरोग कायद्याखाली नोंद करायला सांगितलं आणि ‘म्युकर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. तोवर अनेक दंतवैद्यांसाठी तो परीक्षेपुरता वाचलेला विषय होता.

मधुमेह्यांमधलं या आजाराचं रूप १९४३ मध्येच ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नोंदवलं होतं. भारतात मधुमेह उदंड, त्यामुळे इथे हा आजार कोविडच्या आधीही जगाच्या मानाने पुष्कळ जास्त होता.

हा आजार घडवणाऱ्या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या पावावर असतात. आपण सगळेच ते रोज नाकावाटे ओढतो. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. साखर बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी झालं, की या पेशी सुस्तावतात आणि रक्तात प्रथिनांनी बांधून ठेवलेलं लोह सुटतं. बुरशीला तेच हवं असतं. कोविडमध्ये स्टेरॉइड्सनी साखर चढवली आणि प्रतिकारशक्तीही दाबली. सायनसमध्ये रुजलेली बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते आणि पुढचा भाग उपाशी मरतो. टाळूवरचा काळा चट्टा म्हणजे हे मेलेलं मांस. तिथे रक्त जात नाही, म्हणजे शिरेतून दिलेलं औषधही पोहोचत नाही. शस्त्रक्रिया टळत नाही ती यामुळे.

निदानाची पहिली पायरी मात्र अगदी स्वस्त आहे. नाकातल्या किंवा टाळूच्या संशयित जागेचा लहानसा तुकडा घ्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे. पेशी विरघळतात, बुरशीचे धागे उरतात. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, आडपडदे जवळजवळ नसलेले, आणि त्यांना फांद्या फुटतात त्या काटकोनाच्या आसपास. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, पडदे असलेले, लघुकोनात फुटणारे. सरावलेली नजर हे त्याच दिवशी सांगू शकते. गोची होते ती कल्चरला पाठवलेल्या तुकड्याची. प्रयोगशाळेत सवयीने तो कुटला, तर पडदे नसलेले हे धागे फुटून मरतात आणि कल्चर कोरं येतं. म्हणून तुकडा बारीक चिरायचा असतो. इतर बुरशींसाठी केल्या जाणाऱ्या बीटा-डी-ग्लुकान आणि गॅलॅक्टोमॅनन या रक्तचाचण्याही इथे सहसा निगेटिव्ह येतात. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबणं घातक. माझं मत विचाराल तर इथे यंत्रसामग्रीपेक्षा संशयाची टंचाई अधिक नडते. अनियंत्रित मधुमेह आणि एकदम हलू लागलेले दोन-तीन दात एवढं दिसलं, तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला फोन जायला हवा.

औषध म्हणजे अँफोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात मिळालं. साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला झोंबतं, थंडी वाजून ताप येतो, पोटॅशियम घसरतं. मेदाच्या सूक्ष्म कणांत ते गुंडाळलं, की त्रास कमी होतो. असं एक भारतीय लायपोसोमल औषध दिल्ली विद्यापीठातले बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या कामातून उभं राहिलं. २०२१ च्या धावपळीत याचा उल्लेख फारसा कुणी केला नाही. तेव्हा पडलेल्या या औषधाच्या तुटवड्याचं गणित साधं आहे: किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं, तर ६० किलोच्या रुग्णाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि तेही कित्येक आठवडे.

जीव वाचल्यावर उरतो तो अर्धा टाळू. पाणी पिताना नाकातून येतं. ‘बाबा’ म्हणायला जावं तर हवा नाकात निसटून ‘मामा’सारखं काहीतरी ऐकू येतं. यावर उपाय ऑब्ट्युरेटरचा: टाळूचं भगदाड बुजवणारी, वर दात बसवलेली कवळी. शस्त्रक्रियेच्या वेळीच तात्पुरती पट्टी बसवली तर रुग्णाला नळीशिवाय लवकर खाता येतं. जखम पुरती आकसायला काही महिने लागतात आणि पक्की कवळी त्यानंतर. धरायला हाडच उरलं नसेल, तर गालाच्या हाडात लांब इम्प्लांट रोवून तिला आधार देतात. कवळी बसवणारा डॉक्टर रुग्णाला घोटभर पाणी प्यायला लावतो, आकडे मोजायला लावतो. एखादा थेंब नाकातून आला की कडेला थोडं ॲक्रिलिक वाढवतो आणि पुन्हा पाणी पाजतो. हे काम एकदा करून संपत नाही. तोंडाचा आकार बदलत राहतो, कवळी सैल होते आणि रुग्णाला पुन्हा दंत महाविद्यालय गाठावं लागतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने एका फटीसाठी किती वेळा एसटीचा प्रवास करायचा, हे मात्र कुठल्याही उपचारपत्रिकेत लिहिलेलं नसतं.