हगवण लागली? पाणी तोडू नका

जुलै २०२२. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी, कोयलारी या गावांची नळयोजना वीजबिल थकल्याने बंद होती. गावकरी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले. अतिसाराची साथ पसरली, काहींचा जीवही गेला. बिल थकले कागदावर, किंमत मोजली पोटाने!

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होणे म्हणजे अतिसार. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. शौचातून रक्त पडले तर ती रक्ती हगवण. १४ दिवस किंवा त्याहून अधिक लांबले, तर तपासणी हवीच. जंतू बहुधा विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, अन्नातून किंवा न धुतलेल्या हातांतून पोटात जातात.

जीव घेते ती मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षारांची तूट. ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ हा समज म्हणूनच घातक. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवा, घोटघोट पाजा. बाळाचे अंगावरचे दूध सुरूच ठेवा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त दिसले, तर थेट दवाखाना गाठा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.