दामाजींचे गाव, ज्वारीचे रान

सुट्टी लागली की आपल्या घरांतली ठिकाणे ठरलेली असतात. अजमेर, हैदराबाद, गुलबर्गा, फार तर महाबळेश्वर. ज्यांना परवडते ते दुबई पाहून येतात. पण शेजारच्या तालुक्यात काय आहे, हे ना मुलांना ठाऊक असते, ना आपल्याला. या जानेवारीत आम्ही तीन कुटुंबांनी ठरवले की सोलापुरातून निघायचे आणि मंगळवेढ्याला जायचे. अंतर साधारण ५५ किलोमीटर. घरातली वडीलधारी माणसे आणि सात मुले बरोबर होती.

असा प्रवास कसा करावा, हे इटलीकडून शिकण्यासारखे आहे. तिथल्या टस्कनी प्रांतात टेकड्यांवर दगडी भिंतींची जुनी गावे आहेत आणि खाली गहू, ऑलिव्ह व द्राक्षांचे मळे. सान जिमिन्यानो या बुरुजांच्या गावाला १९९० मध्ये आणि ओर्चा खोऱ्यातल्या शेतांना २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथल्या द्राक्षांची दारू होते, ती आपल्या कामाची नाही. पण आपल्या मातीची किंमत त्या लोकांनी फार लवकर ओळखली. १७१६ मध्ये टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो ड्यूकने कियांती भागाची हद्दच आखून दिली. १९८५ मध्ये इटलीने कृषी पर्यटनाचा कायदा केला. शेतकऱ्याने घरी पाहुणे ठेवावेत आणि आपल्या रानातले त्यांना खाऊ घालावे, ही त्यामागची कल्पना. जुने गाव, भोवतालचे रान आणि रानातले अन्न या तीन गोष्टी एकत्र पाहायच्या, ही तिथली रीत. आपल्या मंगळवेढ्यात या तिन्ही आहेत. फक्त टेकडी नाही. सगळा सपाट, काळाभोर मुलूख.

सोलापूरहून निघाले की भीमेच्या अलीकडे बेगमपूर लागते. औरंगजेबाची छावणी नदीपलीकडे असताना त्याची एक मुलगी वारली आणि तिला इथे दफन केले, असे मानतात. गावाचे नाव त्यावरूनच पडले. पूल ओलांडला की माचणूर. नदीकाठी सिद्धेश्वराचे जुने मंदिर, दगडी घाट आणि जवळच मोगली किल्ल्याचे अवशेष. शेजारी ब्रह्मपुरी. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाचा मुख्य तळ इथे होता. त्या काळात ब्रह्मपुरीला इस्लामपुरी म्हणत. आज जिथे ऊस डोलतो तिथे चार वर्षे हिंदुस्थानच्या बादशाहीचा कारभार चालत होता, यावर मुलांचा विश्वास बसेना.

इथेही इटलीचा एक धागा सापडतो. गेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ च्या मार्चमध्ये कृष्णाकाठी गलगले इथल्या छावणीत औरंगजेबाला भेटला आणि वयाने वाकलेल्या, पांढऱ्या दाढीच्या बादशहाचे वर्णन त्याने लिहून ठेवले. बादशहाचे वय तेव्हा ७६ वर्षांचे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत छावणी तिथून ब्रह्मपुरीला आली. पुढे १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा मृत्यू झाला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असताना आमच्यातल्या बारा वर्षांच्या मुलाने हळूच विचारले, "दादी, हा आपला होता का?" शाळेत कुणीतरी या नावावरून त्याला चिडवले होते. हे घरी कुणालाच माहीत नव्हते. आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागलो. दादी मात्र थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "बादशहा कुणाचेच नातेवाईक नसतात, बेटा. तो दिल्लीहून आला होता. आपले पणजोबा इथेच औत हाकत होते. त्याने जे केले त्याचा हिशेब अल्लाहपाशी तो देईल. तुझ्याकडे कुणी मागितला तर तुझ्याकडे तो नाही, एवढेच सांग."

आम्हाला वाटते, आपल्या घराघरांत मुलांशी हे बोलणे व्हायला हवे. याच भीमेच्या वरच्या अंगाला तुळापुरात १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना ठार मारण्यात आले. तेही मुलांना सांगावे. इतिहास लपवला की मुलाला तो टोमण्यांतूनच कळतो. तो आपणच नदीकाठी नेऊन दाखवला, तर मूल मान खाली घालत नाही आणि उगाच कुणाची वकिलीही करत नाही.

माचणूरहून मंगळवेढा अर्ध्या तासाच्या आत येते. गाव फार जुने. बाराव्या शतकात इथे कलचुरींची सत्ता होती. बिज्जल राजाच्या पदरी बसवेश्वरांनी उमेदीची वर्षे इथेच काढली, असे मानले जाते. गावात भुईकोट किल्ला होता, त्याचे अवशेष आजही दिसतात. संत चोखामेळ्यांचा अंत इथलाच. १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांबरोबर चोखोबाही गेले. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती तेच कूस बांधताना त्यांचा जीव गेला, हे ऐकून मुले गप्प झाली. मंगळवेढ्याच्या संतांची नावे घेताना इथे लतीबशहांचेही नाव घेतात. तुकाराम महाराजांनी एका अभंगात संतांच्या मांदियाळीत लतीब मुसलमान यांचा उल्लेख केला आहे.

पण गावाची खरी ओळख दामाजीपंतांची. दामाजी बीदरच्या बादशहाचे अधिकारी. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी हुकमाची वाट न पाहता सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली. बीदरहून पकडून नेण्याचा हुकूम सुटला. कथा सांगते की विठ्ठलच विठू महार होऊन दरबारात गेला आणि धान्याची सगळी किंमत भरून आला. बादशहाला दामाजींची थोरवी कळली. याच गावच्या कान्होपात्रेच्या कथेतही बीदरचा बादशहा आहे, पण तिथे तो जुलमी आहे. त्याच्या हाती लागू नये म्हणून तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायी प्राण सोडले. एका कथेत बादशहाचे डोळे उघडतात, दुसऱ्या कथेत उघडत नाहीत. लोकांच्या आठवणीने दोन्ही जपले. बादशहाची जात-धर्म पाहून निकाल दिला नाही, तो वागला कसा ते पाहिले.

दामाजींच्या मंदिरासमोर उभे असताना आम्हाला हजरत युसूफ अलैहिस्सलाम आठवले. त्यांनीही दुष्काळ येण्याआधी धान्य साठवले होते, दाणे कणसातच ठेवून. आपली मुले तो किस्सा मदरशात ऐकतात. भुकेच्या वेळी कोठार कुणासाठी उघडायचे, हा प्रश्न मिसरमध्ये होता तोच मंगळवेढ्यात होता. मुलांनी तो धागा आमच्याआधी पकडला.

दुसऱ्या दिवशी रानात गेलो. मंगळवेढ्याच्या भोवतीची जमीन खोल, काळी आणि चिकण. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आत, तोही बराचसा भाद्रपद-आश्विनात. त्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरतात. पुढे आभाळाकडे फारसे मागायचे नाही. जमिनीतली ओल, थंडी आणि दव यावर पीक उभे राहते. इथली मालदांडी ज्वारी टपोरी आणि चवीला गोड, तिची भाकरी मऊ आणि पांढरी. मालदांडी ३५-१ ही प्रसिद्ध जात याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कियांतीची हद्द आखली गेली, तसेच हे. हे नाव आता याच मातीतल्या ज्वारीचे.

ओळखीच्या एका शेतकरी मामांनी आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कोवळी कणसे भाजून हातावर चोळली आणि गरम हुरडा आमच्या पुढ्यात टाकला. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हलाल-हरामचा प्रश्नच नाही. जुहरची वेळ झाली तेव्हा मामांनी न सांगता बांधावरच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "पश्चिम तिकडं हाय बघा." मुलांना त्यांनी काढणीही दाखवली. इथे ज्वारी कापत नाहीत, बुडखा धरून मुळासकट उपटतात. एका पेंडीतच मुलांचे हात लाल झाले. ताटातली भाकरी टाकू नये, हे त्यानंतर कुणाला सांगावे लागले नाही.

मामांची काळजी वेगळी होती. "उपटायला माणूस मिळत नाही. मजुरी गेली वर, भाव तिथंच. कडब्यावर कसंबसं निभतं." भीमेकाठी पाणी आहे तिथे ऊस आला. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांत पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे निवडणुकांत गाजतो आहे. ज्याला पाणी मिळेल तो ज्वारी सोडेल, आणि ज्याला मिळणार नाही त्याची मुले पुण्याला जातील. मानांकनाचा कागद आहे, पण ते नाव मागून घेणारे गिऱ्हाईक नसेल तर शेतकऱ्याच्या हाती काय येणार? राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा उपयोग आपल्यासारखे पाहुणे गेले तरच होईल.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. हुरड्यासाठी डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस चांगले. सोलापूर आणि पंढरपूर दोन्हीकडून एसटी आहे. पंढरपूर साधारण २५ किलोमीटरवर. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळावी. रानात जायचे तर शेतकऱ्याला आधी कळवावे, आणि खाल्ल्याचे पैसे पाहुणे म्हणून टाळू नयेत. मंदिरात, घाटावर तिथल्या रीतीने वागावे. ऊन जानेवारीतही लागते, वडीलधाऱ्यांसाठी पाणी आणि सावलीची सोय पाहावी. परत येताना वर्षाची ज्वारी शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच ठरवून घ्यावी. आम्ही तीन घरांनी मिळून सहा पोती सांगून ठेवली आहेत. मार्चमध्ये ती येतील.