खांद्यावर प्रेत, हातात तलवार

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत वाळूजच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी मासिकाचं एक सुटं पान मिळालं. कडा तपकिरी पडलेल्या, पिनेचा गंज कागदात उतरलेला, खालचा कोपरा उंदराने कुरतडलेला. पानावर एक राजा. अंधारी रात्र, उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, आणि तो चाललाय. लहानपणी हे चित्र बघितलं की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. पण हे काढलं कुणी? नाव असलंच तर ते उंदराने नेलेलं!

पहिला धागा सोपा. खांद्यावर प्रेत म्हणजे विक्रम-वेताळ, आणि आपल्या घरात विक्रम-वेताळ म्हणजे ‘चांदोबा’. तिथून चित्रकारापर्यंत पोचायला वेळ लागत नाही: के. सी. शिवशंकरन, वाचकांचे ‘शंकर’. जन्म १९२४, शिक्षण मद्रासच्या कलाशाळेत. सुमारे सहा दशकं ते या मासिकासाठी चित्रं काढत राहिले. २०२० मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

म्हणजे ज्याला मी अस्सल मराठी भूत समजत होतो, ते मद्रासहून आलेलं! तिथे जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या ऐन तोंडावर, नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ सुरू केलं. हेच दोघे पुढे ‘मायाबाजार’ सिनेमाचे निर्माते. मराठी ‘चांदोबा’ आला १९५२ मध्ये. आणि यातली गंमत बघा: चित्र सगळ्या भाषांना एकच, बदलायची ती फक्त भोवतालची अक्षरं. मी इथे पांघरुणात दडत होतो, तेव्हा विजयवाड्यातलं आणि धारवाडातलं पोरही याच राजाला घाबरत असणार.

चित्रकार सापडला. पण चित्रातला राजा कोण? कुणालाही विचारा, उत्तर येईल, उज्जैनचा विक्रमादित्य. मीही तेच म्हणालो असतो. मग सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ उघडला. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी रचलेला हा संस्कृत ग्रंथ. वेताळाच्या गोष्टी जिथे सुरू होतात तिथे राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याचं नगर गोदावरीच्या काठी. प्रतिष्ठान.

प्रतिष्ठान म्हणजे पैठण! आपलं पैठण! माझ्याच जिल्ह्यातला राजा काश्मीर आणि मद्रास फिरून माझ्या माळ्यावरच्या पेटीत येऊन बसला होता.

आता हा भला राजा प्रेत का वाहतोय? एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ द्यायचा. राजा ते न बघताच कोठाराच्या अधिकाऱ्याकडे सोपवायचा. अशी दहा वर्षं गेली. एक दिवस राजाने ते फळ एका माकडाला दिलं. माकडाने फोडलं, तर आतून रत्न घरंगळलं! मग कोठार बघितलं. फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग लखलखतोय. एवढं देणाऱ्याला हवंय तरी काय? तर एका अंधाऱ्या रात्री स्मशानात ये आणि शिंशपेच्या झाडाला लटकलेलं प्रेत उतरवून आण. प्रेतात वेताळ. तो वाटेत गोष्ट सांगणार आणि शेवटी कोडं घालणार. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर! केवढी कोंडी! या एका युक्तीवर जुन्या ग्रंथात पंचविशी उभी राहिली. ‘चांदोबा’ने तर इतर लोककथाही वेताळाच्या तोंडी घातल्या आणि राजाला दशकानुदशकं चालवत ठेवलं.

सोमदेव आपल्या ग्रंथाचं श्रेय गुणाढ्याला देतो, आणि गुणाढ्य कोण? आख्यायिकेप्रमाणे पैठणच्याच सातवाहन राजाचा मंत्री. एक पैज हरला म्हणून त्याने संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडल्या आणि अरण्यात बसून पैशाची भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते धुडकावले. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर आग पेटवली. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि जाळात टाकायचं. भोवती हरणं, रानडुकरं, रानरेडे डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे. चरणं विसरलेले! इकडे राजाच्या ताटातलं मांस सुकं लागू लागलं. कारण कळल्यावर राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते.

उंदराने खाल्लेल्या कोपऱ्यामागे मी कोरा कागद चिकटवला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं: चित्र शंकर यांचं, मद्रास. राजा पैठणचा.