नळाचे पाणी : धरणापासून पेल्यापर्यंत

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की आपल्या बालरुग्ण विभागात जुलाब-उलट्यांनी मलूल झालेली बालके येऊ लागतात. पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "साहेब, आम्ही तर नळाचेच पाणी पितो, मग असे कसे झाले?" प्रस्तुत लेखक वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, परंतु या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे हिशेबाचेच आहे.

वाशीम शहरास एकबुर्जी प्रकल्पातून पाणी मिळते. धरणाच्या पाण्यातील गाळ तुरटीने खाली बसवितात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात व अखेरीस त्यात क्लोरिन देतात. भारतीय मानक १०५०० (सुधारित २०१२) अन्वये असे पाणी ग्राहकाच्या नळाशी पोहोचेल तेव्हा त्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेला असावा, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळू नये. वाटेत घाण मिसळली तर तिचा खर्च भागविण्यासाठी ही शिल्लक असते. पाण्यास औषधाचा वास येतो अशी तक्रार रुग्णांचे नातेवाईक करतात. सौम्य वास असेल तर ते शुभलक्षणच समजावे.

खरी अडचण वाटेतच आहे. आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद होताच जलवाहिनीतील दाब ओसरतो, आणि नालीला लागून गेलेल्या जुन्या वाहिनीस चीर असल्यास बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. नळास थेट टिल्लू पंप लावला की ही ओढ वाढते. खड्ड्यातील तोटी नसलेला नळ तर दूषित पाण्यास उघडे दारच. म्हणून नळ आल्यावर प्रथम येणारे गढूळ पाणी सांडण्या-धुण्यास वापरावे. पिण्यासाठी भरू नये.

मोठी शहरेही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि पाण्याच्या स्रोतांची तपासणी करावी लागली.

आता घरचीच गोष्ट. एका पावसाळ्यात आपल्या रुग्णालयाच्या भूमिगत टाकीतील पाण्याची ओ.टी. चाचणी घेतली असता पिवळा रंग उमटलाच नाही. पाणी कित्येक दिवस साठून क्लोरिन संपला होता व झाकणाच्या भेगेतून पावसाचे पाणी झिरपत होते. वॉर्डात आर.ओ. यंत्र असताना काळजी कशाची, असे एका विश्वस्तांनी विचारले. यंत्र देणाऱ्यांचे ऋण आहेच, परंतु आर.ओ.च्या पाण्यात क्लोरिन उरत नाही, आणि त्यात कोणी हात वा पेला बुडविला की ते पुन्हा दूषित होऊ शकते. विकतच्या जारचेही तसेच. टाकीची दुरुस्ती व धुलाई यांसाठी मात्र देणगी सहसा येत नाही, कारण तेथे नामफलक लावता येत नाही!

ती भेग बुजविली असून टाकी ठरावीक मुदतीने धुतली जाते. चाचणीची नोंदवही कार्यालयात आहे; रुग्णांच्या नातेवाइकांनी ती अवश्य मागून पाहावी.