बालाघाटातून दिसणारा जागतिक सिनेमा

जागतिक चित्रपटांची शिफारस करणारे मराठी लेखन बहुधा मुंबई-पुण्याचा प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून केले जाते, आणि त्यामुळे कान, व्हेनिस, बर्लिन येथील पारितोषिकांची यादी म्हणजेच शिफारस असे त्याचे स्वरूप होऊन बसते. बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरचे, भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे गाव. तेथील वाचकाला अशा यादीचा उपयोग थोडाच, कारण यादीतील नावे त्याला परकी वाटतात आणि परकेपणाच्या धाकाने तो त्या वाटेला जातच नाही. प्रत्यक्षात मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत महोत्सवांमध्ये नावाजल्या गेलेल्या चित्रपटांचे विषय पाहिले, तर त्यांत कोरडवाहू जमीन, पाण्याची ओढाताण, मुलीचे लग्न जमवण्याची चिंता, आडगावी अडकलेल्या शिक्षकाची बदली आणि घरातील सुतकाचे दिवस इतक्या वेळा येतात, की हे चित्रपट समजून घेण्याच्या बाबतीत बालाघाटातला प्रेक्षक शहरी प्रेक्षकाच्या मागे नसून काही बाबतींत चार पावले पुढेच आहे.

ज्यांना कलात्मक किंवा आर्टहाउस चित्रपट म्हटले जाते, त्यांचे वेगळेपण विषयापेक्षा सांगण्याच्या पद्धतीत असते. गाणी, मारामारी आणि योगायोगांनी पुढे ढकलल्या जाणाऱ्या कथेऐवजी येथे माणसांचे रोजचे वागणे हाच कथेचा ऐवज असतो. एखादे दृश्य मध्ये न कापता मिनिट-दोन मिनिटे तसेच चालू ठेवले जाते, ज्याला दीर्घ दृश्य म्हणतात. कॅमेरा अनेकदा एका जागी स्थिर ठेवून माणसांना त्याच्यासमोर वावरू दिले जाते. आणि भूमिकांसाठी पुष्कळदा त्याच परिसरातील, पूर्वी कधी अभिनय न केलेली माणसे निवडली जातात. अशा चित्रपटाची गती संथ वाटते ती यामुळे, आणि ‘यात काही घडतच नाही’ ही तक्रार पहिल्या वीस मिनिटांत होते तीही यामुळेच. या तक्रारीवर युक्तिवादापेक्षा योग्य चित्रपटापासून सुरुवात करणे हाच उपाय अधिक चालतो, आणि त्या दृष्टीने जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा चित्रपट सर्वांत उपयुक्त आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव या गावी चित्रित झालेला आणि तेथीलच गावकऱ्यांनी अभिनय केलेला ‘स्थळ’ २०२३ साली टोरांटो महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याला आशियाई चित्रपटांसाठी दिले जाणारे ‘नेटपॅक’ पारितोषिक मिळाले आणि ७ मार्च २०२५ रोजी तो महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत आला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला स्पर्धा परीक्षेची तयारी करायची आहे, आणि घरी मात्र पाहुणे येण्याचा कार्यक्रम पुनःपुन्हा होत राहतो. नाव, शिक्षण, उंची, कामाची सवय हेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात, मुलगी त्याच खाली घातलेल्या मानेने उत्तरे देते, आणि सोमलकर ही पुनरावृत्ती कापून टाकत नाहीत; त्यांनी ती मुद्दाम ठेवली आहे, कारण प्रेक्षकाला येणारा कंटाळा हा सविताच्या वाट्याला आलेल्या अपमानाचाच एक अंश आहे. चित्रपटाच्या आरंभी हाच कार्यक्रम उलटा करून दाखवला आहे, म्हणजे बायका बैठक मारून बसल्या आहेत आणि नवरामुलगा उत्तरे देतो आहे. हे दृश्य पाहून हसू येते, आणि पुढे तेच प्रश्न सविताला विचारले जाताना ते हसू आठवून अवघडायला होते. कापसाचा भाव आणि हुंड्याची रक्कम यांचे नाते या चित्रपटात एकही भाषण न करता जितके स्पष्ट झाले आहे, तितके ते भाषणांनी भरलेल्या अनेक चित्रपटांत झालेले नाही.

‘स्थळ’ पाहून झाल्यावर लगेच पाहावा असा परदेशी चित्रपट म्हणजे चिनी दिग्दर्शक ली रुइजुन यांचा ‘रिटर्न टू डस्ट’. चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांतातील खेड्यात, घरच्यांना नकोशा झालेल्या दोन माणसांचे लग्न लावून दिले जाते: यौटिये हा भावाच्या घरी राबणारा अबोल शेतकरी, आणि गुइयिंग ही शरीराने दुबळी, घरात मार खात वाढलेली स्त्री. या दोघांकडे एक गाढव आहे, थोडी जमीन आहे, आणि त्या बळावर ते मातीच्या विटा पाडून घर बांधतात, गहू पेरतात, कोंबड्या पाळतात; चित्रपटाचा बराच भाग या कामांनीच व्यापलेला आहे आणि तोच त्यातला सर्वांत सुंदर भाग आहे. यौटियेची भूमिका करणारे वू रेनलिन हे खरोखरचे शेतकरी आहेत, तर गुइयिंगची भूमिका हाय छिंग या नामवंत अभिनेत्रीने केली आहे, आणि तरी दोघांच्या हातांच्या हालचालींत कोठेही तफावत जाणवत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेलेला हा चित्रपट त्याच वर्षी चीनमध्ये प्रदर्शित होऊन लोकांच्या तोंडी झाला, आणि सप्टेंबरमध्ये तेथील ऑनलाइन मंचांवरून तो काढून टाकण्यात आला. गरिबीच्या निर्मूलनाची सरकारी कहाणी आणि पडद्यावरचे हे घर यांचा मेळ बसत नव्हता, असाच त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला.

पाण्याच्या प्रश्नावरचा मराठवाड्यातील चित्रपट म्हणून आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ आठवतो. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी येथील हनुमंत केंद्रे यांच्या कामावर आधारलेल्या या चित्रपटाला पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो लोकांपुढे आला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी. गावात पाणी नाही म्हणून सोयरीक होत नाही, हा त्यातला प्रश्न बीडमध्ये कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. मात्र चित्रपटाची मांडणी लोकप्रिय वळणाची आहे आणि त्याला आर्टहाउस म्हणणे ओढूनताणून होईल. त्याच्या शेजारी पी. एस. विनोदराज यांचा ‘कूळांगल’ हा २०२१ साली रॉटरडॅम महोत्सवाचे ‘टायगर’ पारितोषिक मिळवणारा तमिळ चित्रपट ठेवला, की फरक लगेच ध्यानात येतो: रागीट बाप आणि त्याचा लहान मुलगा रखरखीत उन्हातून चालत गावाकडे परततात, एवढीच त्याची कथा आहे, पाण्यावर कोणी काही बोलत नाही, आणि सव्वा तासात प्रेक्षकाच्या घशाला कोरड पडते.

जमिनीच्या व्यवहारावर कार्ला सिमोन या स्पॅनिश दिग्दर्शिकेचा ‘अल्काऱ्हास’ हा चित्रपट बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात विशेष लक्ष देऊन पाहिला गेला पाहिजे. २०२२ साली बर्लिनचे सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे ‘सुवर्ण अस्वल’, मिळवणाऱ्या या चित्रपटात कॅटलोनियातील सोले कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पीचच्या बागा कसते आहे. यादवी युद्धाच्या काळात आजोबांच्या घराने जमीनमालकाच्या कुटुंबाला आसरा दिला होता, त्याची उतराई म्हणून ही जमीन तोंडी शब्दावर मिळालेली होती, आणि मालकाच्या वारसाला आता तेथे सौर पट्ट्या बसवायच्या आहेत. कागद कोठे आहे, असे विचारले जाते तेव्हा आजोबांकडे उत्तर नसते. तोंडी वाटणी, न लावलेला फेरफार आणि सातबाऱ्यावर राहून गेलेले नाव यांचे परिणाम भोगलेल्या प्रेक्षकाला हे दृश्य कळण्यासाठी उपशीर्षकांची, म्हणजे पडद्याच्या तळाशी येणाऱ्या अनुवादाच्या ओळींची, फारशी गरज पडू नये. बीड जिल्ह्यातील डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली. स्वच्छ ऊर्जा चांगली की वाईट असा सोपा प्रश्न सिमोन विचारत नाहीत, तिची किंमत कोणाच्या बांधावर वसूल होते एवढेच त्या दाखवतात. कुटुंबातील जवळजवळ सर्व भूमिका व्यावसायिक नसलेल्या माणसांनी साकारल्या आहेत, आणि जेवणाच्या टेबलावर एकाच वेळी पाच जण बोलत असतात ती दृश्ये इतकी खरी आहेत की त्यांत दिग्दर्शन कोठे झाले हे शोधूनही सापडत नाही.

शिक्षकांसाठी, आणि शिक्षकांच्या घरातील माणसांसाठी, नुरी बिल्गे जेलान यांचा २०२३ चा तुर्की चित्रपट ‘अबाउट ड्राय ग्रासेस’ राखून ठेवावा. पूर्व अनातोलियातील बर्फाळ खेड्यात सक्तीची सेवा बजावणारा चित्रकलेचा शिक्षक समेत हा इस्तंबूलला बदली होण्याची वाट पाहतो आहे. आपण या गावापेक्षा मोठे आहोत अशी त्याची खात्री आहे, आणि एका विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून चौकशी सुरू होते तेव्हा त्याच्या स्वभावातील क्षुद्रपणा थराथराने उघडा पडत जातो. तीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट सहनशीलतेची परीक्षा पाहतो, हे मान्यच करावे लागेल. तरीही स्फोटात एक पाय गमावलेली शिक्षिका नुराय आणि समेत यांच्यात रात्रीच्या जेवणावर होणारा वाद, ज्यात माणसाने समाजासाठी काही करावे की स्वतःपुरते जगावे हा प्रश्न दोघेही एकमेकांना सोडवू देत नाहीत, हा अलीकडच्या सिनेमातील सर्वोत्तम संवादप्रसंगांपैकी एक आहे, आणि नुरायच्या भूमिकेसाठी मेर्वे दिजदार यांना कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले ते सर्वस्वी रास्त होते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या दोन चित्रपटांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, त्यामुळे थोडक्यात नोंद पुरे. ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये एका लोकशाहिरावर, त्याचे गाणे ऐकून मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो, आणि कॅमेरा न्यायालयाच्या बाहेर सरकारी वकील बाईंच्या घरापर्यंत, त्यांच्या स्वयंपाकापर्यंत जातो. ‘द डिसायपल’ (२०२०) हा शास्त्रीय गायकाच्या अपुऱ्या राहिलेल्या साधनेचा चित्रपट असून त्याला व्हेनिसमध्ये पटकथेचे पारितोषिक मिळाले. दोहोंत ‘कोर्ट’ हा अधिक मोठा चित्रपट आहे. ज्याला न्यायालयाचा विषय आवडेल त्याने पुढे जस्टिन त्रिए यांचा, कानचे सर्वोच्च ‘पाम दोर’ मिळवणारा ‘अनॅटॉमी ऑफ अ फॉल’ (२०२३) पाहावा. तेथील न्यायालय चकाचक आहे आणि वकील वाक्चतुर आहेत, पण खटल्यात माणसाचे खासगी आयुष्य कसे चिरफाळले जाते यात दोन्हीकडे फार अंतर नाही.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवले. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांसाठी मुंबईहून मूळ गावी आलेला आनंद, सुतकाचे नियम, भाऊबंदांनी चालवलेला लग्नाचा तगादा, आणि बालपणीचा मित्र बाळ्या याच्याशी पुन्हा जुळत जाणारे प्रेम, असा त्याचा पट आहे. दोन पुरुषांमधील प्रेमाची गोष्ट गावाला कितपत रुचेल अशी शंका घेतली जाते. परंतु चित्रपटातील सर्वांत समजूतदार व्यक्ती आनंदची आईच आहे, आणि कानवडे यांनी गावाला खलनायक केलेले नाही, ही गोष्ट शंका घेणाऱ्यांनी आधी पाहावी. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ साली कानचे दुसऱ्या क्रमांकाचे ‘ग्रां प्री’ मिळाले. त्यात छाया कदम यांनी साकारलेली पार्वती ही रुग्णालयातील स्वयंपाकीण मुंबईतले घर कागदपत्रांअभावी गमावते आणि रत्नागिरीकडे परतते. हर्षद नलावडे यांचा बेळगावात घडणारा ‘फॉलोअर’ हा सीमाप्रश्नाकडे तीन मित्रांच्या नात्यातून पाहतो, आणि त्या प्रश्नावर घोषणा ऐकून कंटाळलेल्यांना तो पटेल.

हे सगळे पाहायचे कोठे, हा खरा अडसर आहे. अशा चित्रपटांना जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाला तर एखादा आठवडा मिळतो, आणि खेळाची वेळ बहुधा अडनिडी असते. ऑनलाइन मंचांवर ते येतात तसेच करार संपला की निघूनही जातात. मराठवाड्यापुरता आधार म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथे भरणारा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ज्याचे दहावे पर्व जानेवारी २०२५ मध्ये झाले. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून चालू आहे, पण तो बीडकरांना दूर पडतो. फिल्म सोसायटी, म्हणजे वर्गणी काढून चांगले चित्रपट दाखवणारी सभासदांची संस्था, ही चळवळ मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या संस्थांनी चालवली, पण ती तालुक्यापर्यंत क्वचितच पोहोचली. तालुक्यापर्यंत आणि त्याच्याही खाली पोहोचले ते जत्रांमधले तंबू थिएटर, ज्याच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कानमध्ये दाखवला गेला आणि तेथे त्याचा विशेष उल्लेख झाला. खटारा ट्रक, गंजलेला प्रोजेक्टर आणि तो जपणारा कारागीर यांचे हे चित्रण मराठी प्रेक्षकाने पाहिलेच पाहिजे.

संभाजीनगरचा महोत्सव जानेवारीत भरतो तेव्हा बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार मुकादमाची उचल फेडत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात, त्यामुळे ज्यांच्या जगण्याशी या चित्रपटांचा सर्वांत निकटचा संबंध आहे तेच नेमके त्या वेळी गावात नसतात. ते घरी असतात तो काळ पावसाळ्याचा, आणि त्याच काळात भाद्रपदात गणेशोत्सव येतो. उत्सवात पडदा लावून चित्रपट दाखवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. तेव्हा लिंबागणेश आणि आसपासच्या गावांतील मंडळांनी एखाद्या रात्री, निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन, ‘स्थळ’ लावावा, आणि तो चालला तर पुढच्या वर्षी ‘अल्काऱ्हास’चा विचार करावा.