घरकुलावर लक्ष कोणी ठेवायचे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. रिश्टर मापकावर सहाच्या थोड्या वरचा हा भूकंप होता. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसे दगावली ती घरांमुळे. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यांना एकमेकींत बांधून ठेवणारे काहीच नाही आणि वर दर पावसाळ्यापूर्वी नव्याने माती चढत गेलेले जड माळवद, अशी ती घरे होती. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. म्हणजे धोका सरकारी कागदावर आला तो माणसे गेल्यानंतर. पुनर्वसनाची घरे कशी बांधायची याचे नियम मात्र त्या आधीच, १९९४ पासून, गावोगाव पोहोचू लागले होते. ते पाळले जातात की नाही हे कोण पाहणार, हा प्रश्न तेव्हा जसा महत्त्वाचा होता तसाच आजही आहे. माझे म्हणणे असे की ज्याला त्या छपराखाली झोपायचे आहे त्याला तपासणीत जागा दिल्याशिवाय सरकारी पैशाचे घर सुरक्षित होत नाही, आणि याचा पुरावा लातूरनेच दिला आहे.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य सरकारने ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प’ राबवला. त्यात गावांचे तीन गट पडले. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली सुमारे ५२ गावे ‘अ’ गटात घेऊन नव्या जागी वसवली गेली. तिथली घरे ठेकेदार आणि देशभरातून आलेल्या देणगीदार संस्थांनी बांधली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन व अत्यल्प भूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला चारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. ‘ब’ गट लहान होता. ‘क’ गट मात्र अफाट. अडीच हजारांच्या आसपास गावे आणि पावणेदोन लाखांहून अधिक घरे, ज्यांची दुरुस्ती आणि बळकटीकरण घरमालकाने स्वतः करायचे होते. नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने बँकेच्या खात्यात यायचे आणि कनिष्ठ अभियंत्याने काम पाहून सही केल्याखेरीज पुढचा हप्ता सुटायचा नाही. एकाच प्रकल्पात देखरेखीच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी चालल्या. एकीत माणसाच्या हातात तयार घराची किल्ली पडली, दुसरीत पैसा आणि जबाबदारी दोन्ही पडले.

‘क’ गटाची अडचण उघड होती. एवढ्या घरांना पुरतील इतके अभियंते कोठून आणायचे? आणि अभियंता आला तरी ‘लिंटेल पट्टा’ म्हणजे काय, भिंतीत आरपार दगड का घालायचे, हे घरात कोणाला सांगायचे? ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेला सरकारने लोकसहभागासाठी सल्लागार नेमले ते इथे. गावागावांतील महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. सुमारे बाराशे गावांत त्या होत्या. कोणाला किती रक्कम मंजूर झाली, हप्ता का अडला, गवंडी सांगतो ते बरोबर की चूक, ही माहिती त्यांनी घराघरात नेली आणि घराघरातली तक्रार तालुक्याला पोहोचवली. भूकंपापूर्वी ज्या बायका ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवरही चढत नव्हत्या त्या अभियंत्याला काम दाखवू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिथल्या बायकांना शिकवायला गेल्या. या मराठवाडी अनुभवाची जितकी दखल बाहेर घेतली गेली तितकी आपल्याकडे घेतली गेली नाही, याची मला खंत वाटते.

तरीही ‘क’ गटाची गोष्ट निर्मळ यशाची नाही. योजनेचा हेतू जुन्या दगडी भिंती बळकट करण्याचा होता. पण दगडाखाली माणसे गाडली गेलेली पाहिल्यावर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. मिळालेल्या पैशांत बहुतेकांनी जुन्या घराला लागून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. ती खोली नियमाप्रमाणे असेलही, पण कुटुंब राहत होते ते बरेचसे जुन्या, तशाच राहिलेल्या भिंतींच्या आत. फायलीत नोंद ‘काम पूर्ण’ अशीच झाली. मी याला लाभार्थ्यांची लबाडी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या भीतीप्रमाणे निर्णय घेतला. चूक तपासणीच्या व्याख्येत होती. पैसा कोठे गेला हे ती बघत होती, कुटुंब कोठे झोपते हे बघत नव्हती.

‘अ’ गटात दुसरी उणीव दिसली. नव्या वसाहती रुंद रस्त्यांच्या, सरळ आखलेल्या चौकोनी गल्ल्यांच्या. वाडा, ओसरी, जनावरांचा गोठा, कडब्याची गंज यांना त्यात जागा नव्हती. साहजिकच पुढच्या वर्षांत लोकांनी घरांना पडव्या, खोल्या, भिंती जोडल्या, आणि त्यातल्या पुष्कळ जोडण्यांत भूकंपरोधक बांधकामाचा मागमूस नव्हता. मूळ घर तपासून, प्रमाणपत्र देऊन यंत्रणा निघून गेली होती. ज्यांना घर बांधताना काही विचारले नव्हते त्यांना ते वाढवताना काय पाळायचे हे कोणी सांगितलेही नव्हते. हस्तांतराच्या दिवशी संपणारी देखरेख अर्धीच असते.

आता आजचे पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पाण्यात गेली आणि सप्टेंबरात लातूर, नांदेड, धाराशिव, बीड सगळेच भिजून निघाले. तलाठी, ग्रामसेवक पंचनामे करतात आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० रुपये मिळतात. तपासणीचा सारा भर पंचनाम्यावर, म्हणजे काय पडले यावर असतो. काय उभे राहिले, हे पाहण्याची तितकीच पक्की व्यवस्था या मदतीच्या मागे नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलांची देखरेख यापेक्षा बरी आहे. टप्प्याटप्प्याने मोबाइलवर फोटो, त्याला जागेची खूण, मग थेट खात्यात हप्ता. यामुळे न बांधलेल्या घराचे पैसे उचलणे अवघड झाले, हे मान्य करायलाच हवे.

पण फोटोत काय दिसते? जोते दिसते, भिंत दिसते, स्लॅब दिसतो. दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर फिरणाऱ्या पट्ट्यातली सळई दिसत नाही. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात ती वळवून पुढच्या भिंतीत नेली की तिथेच तोडली, रिंगा साधारण दर १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभराच्या आतच, बांधल्या की हातभर अंतर सोडले, हे काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या काही तासांतच पाहता येते. काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत नेला का, हेही खड्डा बुजण्यापूर्वीच कळते. नांदेड-लातूरची काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे पाडते. अभियंत्याची फेरी त्या तासांना जुळेलच असे नाही. घरातली बाई मात्र त्या वेळी तिथेच, बऱ्याचदा गवंड्याच्या हाताखाली असते.

याला पहिला आक्षेप येतो तो ज्ञानाचा. तांत्रिक गोष्टी अडाणी माणसाला काय कळणार? पाया, पट्टा, कोपरा, रिंग आणि नंतर पाणी मारणे, एवढ्या गोष्टी ओळखायला पदवी लागत नाही. संवाद सहायकांनी हे दाखवून दिलेले आहे. अभियंत्याची सही रद्द करावी असे मी म्हणत नाही. तिच्या शेजारी घरमालकाची सही हवी, एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप वेळेचा. उघड्यावर पडलेल्या माणसाला तपासणीसाठी थांबवायचे का? हप्ते टप्प्यानेच येतात, म्हणजे थांबे आधीच आहेत, फक्त त्या थांब्यावर योग्य गोष्ट पाहायची आहे. गुजरातने कच्छनंतर घरमालकाला पैसा देऊन टप्प्यावर अभियंत्याची तपासणी ठेवली आणि वरून बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेकडून गुणवत्तेची पडताळणीही करून घेतली. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गावात भावकी आहे, गट आहेत, सरपंचाचा दबाव आहे, मग शेजारी शेजाऱ्याविरुद्ध लिहील का? पुष्कळदा लिहिणार नाही. म्हणूनच तपासणी गावातल्या एकाच हाती न देता लाभार्थी, महिला बचत गटाची प्रतिनिधी आणि अभियंता अशा तिघांकडे द्यावी आणि नोंदी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावाव्यात. आवास योजनेत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहेच, तिचा अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. राहिला पैशाचा मुद्दा. १ लाख २० हजारांत लोखंड, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी भागवून वर नियम पाळा असे सांगणे अन्यायाचे आहे. सुरक्षिततेची अट घालायची तर पट्ट्याच्या सळईचे पैसे सरकारने वेगळे द्यावेत.

मुखेडपासून औशापर्यंत या पावसाळ्यानंतर ज्यांची घरे पुन्हा उभी राहत आहेत त्यांनी ग्रामसेवकाकडे घरकुलाचा नकाशा आणि मंजूर आराखडा मागावा. तो मिळणे त्यांचा हक्क आहे. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी अभियंत्याला बोलवावे, तो आला नाही तर सळईचे फोटो स्वतः काढून तारीख घालून ठेवावेत. आणि जिल्हा प्रशासनाने संवाद सहायकांची रचना नव्याने उभी करावी. त्यासाठी कोठून काही शिकून येण्याची गरज नाही, ती इथेच, याच तालुक्यांत, तीस वर्षांपूर्वी चालली होती.