चाक हलण्यापूर्वी

एखादी चळवळ किंवा एखाद्या उमेदवाराचा प्रचार मंदपणे आरंभून हळूहळू जोर धरू लागला, म्हणजे त्याला ‘हेड ऑफ स्टीम’ लाभली असे इंग्रज म्हणतात. परंतु वाफेचे थंड इंजिन सिद्ध होताना आज फारसे कोणी पाहिलेले नसल्यामुळे, या वाक्प्रचाराच्या मुळाशी असलेला दीर्घ पूर्वकाळ बोलणाऱ्यांच्या ध्यानातून निसटतो, याची मला खंत वाटते.

मोठ्या इंजिनाला प्रातःकाळी गाडी ओढावयाची असेल, तर त्याची भट्टी मध्यरात्रीच्या सुमारास पेटवावी लागे, आणि तीही बेताने. कारण नळ्या व पत्रे यांचे प्रसरण विषम झाले की सांधे गळू लागत. पाणी उकळले म्हणजे काम झाले असेही नाही. उघड्यावर सोळाशेपटींहून अधिक जागा व्यापणारी वाफ बंद बॉयलरात कोंडली गेली की दाब चढतो, दाबासवे उत्कलनबिंदू चढतो, आणि वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी सुमारे १८० अंश सेल्सिअसला उकळते. आरंभी धुराड्याची ओढ क्षीण असल्याने अग्नी रेंगाळतो. मात्र थोडी वाफ हाती आली, की तिचाच झोत धुराड्यात सोडून भट्टीत हवा खेचता येते, आणि गाडी चालू लागल्यावर सिलिंडरांतून सुटणारी वाफ तेच कार्य करीत असल्याने, जितके ओझे अधिक तितका अग्नी प्रखर होत जातो. स्वतःच्या श्रमानेच स्वतःचा अग्नी चेतविण्याची ही किमया मला बाष्पयंत्राचे खरे वैभव वाटते.

ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूलनजीक रेनहिल येथे झालेल्या इंजिनांच्या स्पर्धेत, बॉयलरातील पाणी थंड असावे व वाफेचा दाब दर चौरस इंचास ५० पौंड होईपर्यंतचा वेळ टिपून ठेवावा, अशी शर्त पंचांनी मुक्रर केली होती. वेगाबरोबर या प्रतीक्षेचीही दप्तरी नोंद घेण्याची तजवीज करणाऱ्यांचा विवेक वाखाणण्याजोगा आहे. पहिल्या दिवशी ताशी २८ मैल धावून ‘नॉव्हेल्टी’ने प्रेक्षकांची मने जिंकली, पण भात्याने आग फुलविणारे ते हलके इंजिन पुढे नादुरुस्तीने हतबल झाले. जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन या पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ने मात्र बॉयलरातील २५ तांब्याच्या नळ्या आणि धुराड्यात सोडलेली वाफ यांच्या बळावर ठरविलेल्या साऱ्या खेपा पुऱ्या केल्या व ५०० पौंडांचे पारितोषिक मिळविले.